बाहेरच्या पेटीवरचा बर्फ

स्टाइनवेर बेट, ९ जानेवारी

ती. ओडवारदादास,
तुरिदचा सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र पोचलं. कान पार गेले, आता फोन उचलायचाच नाही असं ठरवलंस, हे वाचून वाईट वाटलं आणि हसूही आलं. लहानपणी आई लाकडं आणायला हाक मारायची, तेव्हा तरी तुला कुठे ऐकू यायचं?

मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण घर ऊबदार ठेवणाऱ्या हीट पंपाने दगा दिलाय. भिंतीवरच्या पेटीतून नुसता गार वारा येतो आणि दिवा लुकलुकतो. बोटींवरची शीतयंत्रं दुरुस्त करण्यात तुझा जन्म गेला, म्हणून तुलाच विचारते. समुद्रापलीकडचा मेकॅनिक म्हणाला, वादळ निवळेपर्यंत माझी वाट बघू नका. तोवर चुलीत बर्चची लाकडं जाळतेय, पण तीही तळाला आलीत. हाल्वर होता तेव्हा हे सगळं तोच बघायचा. खरं सांगू? थंडीपेक्षा शांतता जास्त बोचते. नवरा गेल्यापासून घरात यंत्राची तेवढीच एक घरघर होती.

रांदीचा रोज फोन येतो. म्हणते, आई, हट्ट पुरे, घर विक आणि माझ्या इमारतीत राहायला ये. लेकीचं काही चुकत नाही. म्हणूनच जास्त राग येतो.

लवकर लिही. बहिणीवर माया आहेच, तशी राहू दे.
तुझी,
तुरिद

बुडे शहर, १४ जानेवारी

चि. तुरिदला,
ओडवारचे अनेक आशीर्वाद. (सत्तरी उलटली तरी माझ्या पत्रात तू चि.च.)

आधी रिमोटवर सूर्याचं चित्र आहे ना, ते बघ. नातवंडांनी बटणं दाबून बर्फाची चांदणी आणली असेल तर यंत्राचा दोष नाही. मग आतली जाळी काढून धू. तरीही गारच असेल तर लोकरीचे दोन मोजे चढव आणि बाहेरची पेटी बघ. माझा संशय तिच्यावर आहे. ती बर्फाने लिंपली असेल तर वीज बंद कर आणि झारीने कोमट पाणी हळूहळू सोड. सुरी, हातोडी, हाल्वरची छिन्नी, काहीही लावायचं नाही. आतली नळी फुटली की खेळ खलास. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून दटावतोय.

इथे नवीन काही नाही. मित्रांसोबत कॉफीला जायचं सोडलं. ते हसतात, मग मीही हसतो, आणि कशाला हसलो ते कळत नाही. पत्रात मात्र तुझं सगळं ऐकू येतं.

थोरल्याची आठवण ठेव, शिव्या घालायला का होईना.
ओडवार

स्टाइनवेर, २० जानेवारी

ती. दादास, सा. न.

तुझा संशय खरा. पेटी कसली, बर्फाची शिळाच होती! वाफाळत्या झारीसह मला बघून शेजारचा आयलिफ कुंपणावरून ओरडला, यंदा फुलं लवकर लावताय वाटतं, तुरिदबाई! पण यंत्र चाललं. कोट काढून बसले, वॅफल केले, एकटीनेच खाल्ले. दोन दिवसांत पुन्हा तेच. गार वारा, लुकलुकता दिवा, पेटीच्या बुडाशी जाड बर्फ.

आता मी झोपायच्या खोलीचं दार बंद करून स्वयंपाकघरात गादी टाकलीय. रांदीला सांगितलेलं नाही. कळलं तर ती उद्या ट्रक घेऊन दारात उभी राहील.

तू येऊन का बघत नाहीस?
तुरिद

बुडे, २५ जानेवारी

चि. तुरिद, आशीर्वाद.

पेटीवर साचलेलं हिम यंत्र स्वतःच अधूनमधून वितळवतं. ते पाणी खाली गळून जायला हवं. तुझ्याकडे ते बुडाशीच गोठतंय. तिथल्या ताटलीत पाणी गोठू नये म्हणून हाल्वरने गरम होणारी तार बसवली होती, मला मोठ्या फुशारकीने दाखवली होती. ती तार गरम होत नसणार. ती कुठे जाते ते बघ.

येण्याचं म्हणशील, तर बोटीवर कुठला धक्का आला ते कर्ण्यावर सांगतात. मला ऐकू येत नाही. मागे एकदा भलत्याच बेटावर उतरलो आणि दिवसभर बाकावर बसून राहिलो. तेव्हापासून धीर होत नाही. कुणाला बोललो नव्हतो.

स्वयंपाकघरातून हलू नकोस.
ओडवार

स्टाइनवेर, ९ फेब्रुवारी

ती. दादास,
तुरिदचा नमस्कार.

तार भिंतीतून हाल्वरच्या वर्कशॉपमध्ये जाते. हे कळल्यावर तिथेच बर्फात उभी राहिले. ऑक्टोबरमध्ये तो मला त्या वर्कशॉपमध्येच निपचित पडलेला सापडला. त्याला नेल्यावर मी दाराजवळची सगळी बटणं बंद केली आणि कुलूप लावलं. तार तेव्हापासून मेलेली, आणि ती मीच मारली.

पहिल्या दिवशी गेले नाही. दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन गेले आणि परत आले. तिसऱ्या दिवशी शेवटचं लाकूड चुलीत होतं. आत गेले. कॉफीचा कप तसाच, आत काळा बर्फ. टोपी खिळ्याला. बटणं दाबली, आणि लगेच बाहेर पडायचं ठरवलेलं असूनही त्याच्या स्टुलावर बसले. खूप रडले, दादा. मोठ्याने रडले. मग कप घासून ठेवला.

पेटी पुन्हा कोमट पाण्याने सोडवली. ताटलीखाली पाणी ठिबकायला लागलं, आणि आज आठवडा होत आला, यंत्र थांबलेलं नाही. वर्कशॉपचं घराकडचं दार मी उघडंच ठेवलंय, तिथेही ऊब जाते. रांदीला म्हटलं, बिल जास्त आलं तर येऊ दे. घराचं पुढच्या हिवाळ्यात बघू. ती म्हणाली, बरं, पण गादी आत ने. आयलिफने सांगितलं असणार!

घरघर परत आली. तरी जेवताना समोर कुणी नसतं ते नसतंच.
तुरिद

बुडे, १४ फेब्रुवारी

चि. तुरिदला आशीर्वाद.

शाब्बास.

वर्कशॉपमध्ये माझी खाट टाक. गुरुवारच्या बोटीने निघतोय. कप्तानाला देण्यासाठी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहून ठेवलीय, की स्टाइनवेर आलं की म्हाताऱ्याच्या खांद्यावर थाप मारा. ती घरघर मला ऐकू येणार नाही, पण पेटीवर हात ठेवला की कळेल.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. ते इथे पोचेल तेव्हा दाराला कुलूप असेल.
तुझा,
ओडवार