चहापानानंतरचा डावरा पिचर

बाबा,

तुमचा तो डावरा पिचर कधी जन्मालाच आला नव्हता, हे मला सत्तरीला टेकल्यावर, परक्या देशात, जाळीच्या कुंपणाला नाक लावून उभी असताना कळलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, म्हणून तुम्ही सुटलात. समोर असता तर मी जाब विचारला असता, आणि तुम्ही नेहमीसारखा चष्मा पुसत "असू दे गं" म्हणाला असता. असू देणार नाही. म्हणून लिहिते आहे.

मी हॉलंडमध्ये हूफडॉर्पला मुलीकडे आले ती उन्हाळ्यापुरती. मग कोरोनाची साथ आली, विमानं बंद झाली आणि मी इथंच अडकले. मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून दिवसभर मीटिंगा करते, जावई वरच्या खोलीत तेच करतो, आणि उरलेल्या घरात मी आणि माझी दहा वर्षांची नात. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये येतं. ती डावरी आहे. डाव्या हातानं लिहिते, डाव्या हातानं वरणभात कालवते, आणि या घरात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. घरामागच्या क्लबात ती बेसबॉल खेळते. डावा हात दिसल्याबरोबर कोचनं तिला पिचर केलं, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारी. आमच्या वेळी असा हात दिसला की छडी निघायची.

मग मी तिला तुमच्या गोष्टी सांगितल्या. दुसरं होतंच काय माझ्याकडे? तुम्ही कारखान्यातर्फे अमेरिकेला ट्रेनिंगला गेला होता, तिथं तुम्ही तो पिचर पाहिला होता. खाणकामगाराचा मुलगा, उजवा पाय कमरेच्या वर उचलणारा, डाव्या हातातून असा चेंडू सोडणारा की फलंदाजाला फक्त आवाज ऐकू यायचा. लहानपणी माझ्या मैत्रिणी सिनेनटांचे फोटो वहीत लपवायच्या. मी ज्याचा फोटो कधी पाहिला नाही अशा माणसाची भक्त होते. नातीला तो इतका आवडला की तिनं टोपीच्या आत पेनानं त्याचं नाव लिहिलं. ते नाव मी इथं लिहीत नाही. कागदाला तरी कशाला फसवू?

आता तुम्हाला आठवण करून देते, कारण तुम्ही सोयीचं तेवढंच लक्षात ठेवायचा. पिंपरीचं क्वार्टर. आई पाट मांडते, पानं वाढते, आणि माझं डावं मनगट जुन्या साडीच्या काठानं पाठीमागे परकराच्या नाडीला बांधते. "सासरी काय डाव्या हातानं वाढणारेस? लोक ताटावरून उठतील." मी उजव्या हातानं घास उचलते, तो अर्धा पानात, अर्धा मांडीवर. तुम्ही शेजारच्या पाटावर. तुम्ही आमटी भुरकता. तुम्ही माझ्याकडे बघत नाही. जेवणं झाली की गॅलरीत माझी गाठ सोडता, मनगट चोळता आणि सुरू करता, "तर काय झालं, त्या दिवशी चहापानानंतर आपला गडी पुन्हा मैदानात आला..." मोज्यांचा चेंडू करून तुम्ही तो डाव्या हातानं फेकून दाखवायचात. एकदा तो दुधाच्या पातेल्यात पडला. आई आतून ओरडली, "अहो, पोरीला काय शिकवताय?" तुम्ही म्हणालात, "काही नाही, काही नाही."

आणि कॉन्व्हेंट शाळेतला तो दिवस. सिस्टरनं लाकडी पट्टी आडवी धरून माझी बोटं फोडली होती, करंगळी वाकत नव्हती. तुम्हाला बोलावून घेतलं. मला वाटलं, आज बाबा बोलणार. सिस्टर म्हणाली, हे मुलीच्या भल्यासाठी आहे. तुम्ही टोपी हातात घेऊन उभे, आणि तुमच्या तोंडून निघालं काय, तर "थँक यू, सिस्टर." येताना सायकलच्या दांडीवर मला बसवून सबंध रस्ताभर तुम्ही पिचरची एक नवी गोष्ट सांगितलीत. पावसानं खेळपट्टी ओली झाली होती आणि तरी त्यानं शेवटची ओव्हर टाकली. मी रडायची थांबले. मूर्ख होते.

इथं सध्या प्रेक्षकांना मैदानात बंदी आहे, म्हणून आम्ही आजी-आजोबा सायकलच्या वाटेवर, कुंपणाबाहेर, अंतर राखून उभे राहतो. शेजारचे डच आजोबा जन्मभर बेसबॉलचे अंपायर होते. त्यांना मी अभिमानानं तुमचा पिचर ऐकवला. ते मला मेव्राउ, म्हणजे बाईसाहेब, म्हणतात. चहापानाशी येताच त्यांनी भुवया उंचावल्या. "टी? मेव्राउ, बेसबॉलमध्ये टी नसतो." ओव्हरही नसते म्हणे, आणि पाऊस आला की सगळे आत पळतात. हसता हसता त्यांना ठसका लागला, तशी कुंपणालगतची सगळी माणसं मागे सरकली. पुढच्या आठवड्यात मात्र ते हसले नाहीत. त्यांनी घरी बसून सगळीकडे शोधलं होतं. हळूच म्हणाले, "या नावाचा कोणी पिचर कुठल्याही संघात नव्हता. तुमच्या वडिलांनी मॅच नक्की पाहिली होती का?"

पाहिली नव्हती. तुम्ही क्रिकेटचा गडी उचलून त्याला अमेरिकेत पाठवलं होतं. आणि तो डावरा का, हे कळायला मला घरापर्यंतची वाटही पुरली. गाठ जितकी घट्ट, तितकी गोष्ट लांब असायची.

मुलीला सांगितलं तर ती कानातला हेडफोन काढून म्हणाली, "किती स्वीट गं, आई! तुझ्यासाठी एक अख्खा माणूस तयार केला त्यांनी!" मी म्हटलं, "स्वीट तुझं कपाळ. मला माणूस नको होता. घरात एक होता, त्यानं तोंड उघडलं असतं तर भागलं असतं." आई ओरडेल ही भीती, सिस्टर शाळेतून नाव काढून टाकेल ही भीती. तुमच्या भित्रेपणाला मी जन्मभर गोष्टीवेल्हाळपणा समजत आले. आजही मी उजव्या हातानंच लिहिते, बाबा. अक्षर सुंदर आहे. कॉन्व्हेंटचं.

नात जिन्यात बसून सगळं ऐकत होती, हे मला नंतर कळलं. संध्याकाळी मी कांदा चिरत असताना ती टोपी हातात घेऊन आली. पिचर खोटा होता याचं तिला विशेष काही वाटलेलं दिसलं नाही. तिचा प्रश्न वेगळा होता, आणि तो समजण्याइतकं डच मला आता येतं. "ते तुझ्या आईला सरळ 'स्टॉप' का नाही म्हणाले?"

तिच्या दृष्टीनं हा साधा प्रश्न आहे. इथल्या लेकरांना असाच वाटणार. मी तो कधीच मोठ्यानं विचारला नव्हता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, टोपीतल्या नावावर डाव्या हाताचा अंगठा फिरवत. तिला आता खरं काय ते सांगायचं होतं, आणि खरं बोलण्यासाठी मी नातेवाइकांत बदनाम आहे.

"म्हणाले होते," मी म्हटलं. "एकदा ताट बाजूला सारून उठले आणि म्हणाले, पुरे झालं. तिचा हात सोड."

"मग?"

"मग आईनं सोडला."

"गूड झो," म्हणजे छान झालं, असं म्हणून ती टोपी घालून अंगणात चेंडू फेकायला गेली.

तेव्हा आता तिच्याजवळ जगात कधीच नसलेली दोन माणसं आहेत, एक तुम्ही बनवलेलं आणि एक मी. माझं जास्त सफाईदार उतरलं; त्यात चहापान नाही. हा कागद घडी करून कांद्याच्या टोपलीखाली ठेवते आहे, तिथून तो कचऱ्यात जाईल. राग गेलेला नाही, त्या भ्रमात राहू नका. एवढंच कबूल करते की ताट सारून उठलेले तुम्ही मला फार आवडलात, आणि मी मुद्दाम कांदा चिरतच राहिले.