भात्याची कडी

२ डिसेंबर २०२५, मंगळवार

शाळेचे स्नेहसंमेलन. संस्थेच्या कार्यकारिणीचा सभासद म्हणून तिसऱ्या रांगेत बसलो होतो. आठवीच्या चाळीस मुलींनी स्वागतगीत 'गायले'. पेटीवर बसलेल्या मुलीची बोटे सफाईने फिरत होती — आणि भात्याची कडी लावलेली! भाता बंद असता पेटी वाजतेच कशी? पडद्याआड पेनड्राइव्ह लावला होता. चाळीस मुली नुसते ओठ हलवीत होत्या.

अध्यक्ष भैय्याजी शेजारीच होते. "काय सुरेल गायल्या पोरी!" असे म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीवरून उचलले नाहीत. घरी येऊन दोनदा तोंड धुतले, तरी किळस जात नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

लकडगंजचे दुकान तासभर बंद ठेवून शाळेत गेलो. भिंतीवरील वेळापत्रकात स्वच्छ लिहिले आहे : आठवी, गुरुवार, चौथा तास, संगीत. वर्गात फळ्यावर वर्गसमीकरणे.

शिपाई नत्थूजींना संगीताची खोली उघडायला सांगितले. "चाबी तं आहे साहेब, पण काहून उघडता? मोडके बेंच अन् उंदरं, दुसरं काही नाही आत." खरेच होते. तबल्याची पुडी कुरतडलेली. तानपुऱ्याच्या भोपळ्यात खडूचे तुकडे!

संगीत शिक्षिका शामलाबाई कुठे होत्या? कोठीत, पोषण आहाराचा तांदूळ मोजून घेत. मान वर न करता म्हणाल्या, "तास द्या, उद्या शिकवते. मागून मागून थकली मी."

५ डिसेंबर

मुख्याध्यापक मनोहररावांना पत्र दिले : संगीताचा तास संगीतालाच मिळावा. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचले. "बोर्डाच्या पेपरात गाणं येते का, साहेब?"

या गृहस्थांच्या हाती नऊशे मुले आहेत.

८ डिसेंबर

भैय्याजींचा फोन. "काहून एवढं मनावर घेऊन राहिले गा तुम्ही? पेनड्राइव्हमधली पोरगी आपल्या पोरींपेक्षा गोडच गाते ना!" शिसारी!

१४ डिसेंबर, रविवार

कार्यकारिणीची सभा. बारा मिनिटे बोललो. एकही शब्द वावगा नव्हता. मुलांचा तास चोरणाऱ्याचे नाव सभेपुढे यावे, अशी मागणी केली.

मनोहररावांनी शांतपणे २०१६ ची ठरावबही माझ्यापुढे सरकवली.

"आठवी ते दहावीची संगीताची तासिका गणितास द्यावी. ही व्यवस्था तात्पुरती समजावी." 'तात्पुरती' खाली रेघ. अक्षर माझे. सूचकही मीच. त्या वर्षी माझी मिनल दहावीत होती.

ही व्यवस्था कधी संपणार, ती तारीख मी घातलीच नव्हती. मी! तारीख नसलेले पत्र न वाचता परत पाठवणारा मी!

"घ्या!" भैय्याजी खदखदून हसले. "फिर्यादीही तुम्हीच अन् आरोपीही तुम्हीच!"

सगळे हसले. मी बही ओढून घेतली आणि तिथेच नवा ठराव लिहिला : जुना ठराव रद्द, येत्या गुरुवारपासून, दिनांक १८ डिसेंबर २०२५. तारीख दोनदा तपासली. "लिहा लिहा," भैय्याजी म्हणाले, "निकाल घसरला तं तुमच्या नावावर." मंजूर झाला.

१५ डिसेंबर

मिनलला पुण्याला फोन केला. त्या जादा तासाने गणितात किती फरक पडला होता?

"दोन मार्क, बाबा. काहून विचारता?"

काही नाही, म्हणालो.

१८ डिसेंबर, गुरुवार

चौथा तास. मी दाराबाहेर उभा होतो. नत्थूजींनी पेटी पुसून आणली. शामलाबाईंनी भात्याची कडी काढली, सा धरला आणि म्हणाल्या, "हं, म्हणा."

चाळीस मुलींनी ओठ हलवले. आवाज एकीचाही आला नाही.