भाई कन्हैयांचं मलम

मंगळवार, मे. कणकवली.

दुपारी आमच्या दारासमोर एका सरदारजींचा ट्रक बंद पडला. मेकॅनिक येईपर्यंत ते ओसरीवर बसले. मी पाणी दिलं, तशी त्यांनी भाई कन्हैयांची गोष्ट सांगितली. शिखांच्या दहाव्या गुरूंचा हा शिष्य लढाईत पखाल घेऊन शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजायचा. तक्रार झाली. गुरूंनी विचारलं, तर म्हणाला, मला सगळ्यांत तुम्हीच दिसता. गुरू रागावले नाहीत. उलट त्याला मलम दिलं, जखमांना लावायला. मलम! मी अजून त्या मलमापाशीच आहे. एवढं मन कुठून आणतात माणसं?

आणि मी? शेजारी माझी चुलत जाऊ राहते. बांधाच्या भांडणामुळे दोन वर्षं आमचा अबोला. तिची विहीर आटली, आमची भरलेली. ती लांबून पाणी आणते, ते मी रोज बघते.

संध्याकाळी दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी जाऊन हाक मारली, "पाण्याक आमच्याकडे ये गो."

ती गडग्याजवळ आली. मग हळूच म्हणाली, "कळशी घेवन येव?"

"ये."

चार कळशा नेल्या. बांधाच्या दाव्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. जाताना म्हणाली, "कोर्टात एकाच रिक्षेन जावया काय?"