बेशरमाच्या झुडपात दोन व्याही

शिरड शहापूर

तीर्थरूप मिराआक्कास,

धाकट्या ग्यानबाचा दंडवत. तुझा गुडघा कसा आहे? नाक्यावरच्या गाड्यांची धूळ अजून भाकरीवर येऊन बसते का? इकडं आम्ही खुशाल आहोत. हळद चांगली आहे, म्हैस दूध देते आहे आणि तुझी भावजय आशाबाई बोलते आहे. (म्हैस कधीमधी थांबते तरी.) फोन सोडून पत्र काहून, असं तू म्हणशील. तर फोनवर मी 'आक्का' म्हणेपर्यंत तू मला झाडून मोकळी होतेस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

हरीशची सोयरीक तूच जमवलीस. सूनबाई प्रतिक्षा सोन्यासारखी, त्यात वाद नाही. पण बाळंतपणाला माहेरी गेली ती वाशीमकडंच अडकली. आपल्यात बापानं लेकीला पाळण्यासकट आणून सोडायची रीत. त्यांच्यात म्हणे सासरच्यांनी लुगडंबांगड्या घेऊन न्यायला यायची रीत. आमचे व्याही कोंडीबा तिकडं वाट बघून राहिले, मी इकडं. चिमी बसायला लागली तरी दोघं आजोबा जागचे हलेनात. बारशाला पाहिलेलं लेकरू मी आता फोनच्या काचेत बघायचो, आणि तिला वाटायचं, आजोबा म्हणजे नुसतं नाक.

शेवटी पोरापोरींनीच डोकं चालवलं. औंढ्याच्या डोंगरात तलाव आहे ना, तिथं आता गावच्या तरुणांनी होड्या आणल्यात. हरीश म्हणाला, बाबा, फिरायला चला. आशाबाईला घेऊन गेलो तर गाडीतळावर व्याही हजर, मागं प्रतिक्षाच्या खांद्यावर चिमी झोपलेली! त्यांनाही तसंच आणलेलं. तळं मात्र काय देखणं, आक्का! चारी बाजूंनी सागाचा डोंगर, मधे पाणी कसं, देवघरातल्या ताम्हणासारखं. काठावर जुनं दगडी देऊळ. तिथवर पाऊलवाट एका माणसापुरती. मी म्हणालो, व्याह्यांना पुढं होऊ द्या. ते म्हणाले, त्यांना होऊ द्या. (सरळ बोलणं बंद होतं, सगळं हरीशच्या तोंडून.) आमचा मानपान चालू असताना मागून आलेला म्हशींचा कळप पुढं निघून गेला.

देवळापाशी एक वीरगळ आहे, लढाईत मेलेल्या माणसाचा दगड. खाली गाई कोरल्यात. कोंडीबा दगडाकडं बघत हरीशला म्हणाले, "बघा जावाईबापू, गावच्या गाई सोडवून आणायला ह्या माणसानं जीव दिला. काही लोकांच्यानं घरची सून आणायला यष्टीत बसवत न्हाई."

मी म्हणालो, "हरीश, त्या गाई अडवून कोण बसलं होतं, तेबी कोरलंय का बघ बरं."

पोरगं बिचारं दोन्हीकडं बघून हसलं आणि आम्हाला होडीत घालून मोकळं झालं. दोघांनाच! नारिंगी जाकिटं चढवली, (कोंडीबांच्या पोटावर बंद पुरेना, माझ्या अंगावर जाकीटच राहीना) आणि दिली ढकलून. बदकाच्या तोंडाची होडी, पायानं पायडल मारायचं. दोघांची पायडलं एकाच दांड्याला. मी पाय टाकला तसे कोंडीबा पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलले, "अहो इवाई, पाय काढा! पोरीकडचा माणूस मी, तुमी पायडल मारायचं अन् मी बसायचं व्हय?"

मी म्हणालो, "तुमी वयानं मोठे. तुमाला तकलीफ दिली तर गाव शेण घालंल माझ्या तोंडात."

मग मी त्यांना मारू देईना, ते मला. दोघांनीही दांडा पायानं दाबून धरला. घाम दोघांना, होडी जागच्या जागी! वाऱ्यानं ती हळूहळू नेली आणि कडेच्या बेशरमाच्या झुडपात घातली. बदकाचं तोंड आत, आम्ही बाहेर. काठावरून शिट्ट्या वाजून राहिल्या. होडीवाला ओरडून राहिला, "मारा ना बाबा पायडल!" पण आधी मारायचं कोणी?

तेवढ्यात काठावर चिमी रडायला लागली. पाण्यावरून आवाज कसा येतो तुला सांगू, जसा कानातच. कोंडीबा म्हणाले, "भुकेचं न्हाई हे, झोपेचं रडणं हाय." मी म्हणालो, "असं रडतंय व्हय झोपेला?" आणि आक्का, बोलता बोलता चारी पाय फिरायला लागले ते कुणालाच कळलं नाही. बेशरमाच्या फांद्या मोडत होडी जी निघाली ती थेट काठाला. उतरताना कोंडीबा डगमगले म्हणून त्यांना आधार द्यायला मी मुद्दाम गुडघाभर पाण्यात उतरलो.

चिमीनं माझं नाक धरलं आणि रडायची थांबली. नाक ओळखीचं ना! कोंडीबांचे डोळे भरले. माझ्याही डोळ्यांत तळ्याचं पाणी उडालं असावं.

प्रतिक्षाला मानानं पाठवायचं, मानानं आणायचं, असं तिथंच ठरलं. भांडण मिटलं. तुझ्या जिभेनं जुळवलेली सोयरीक फळाला आली.

तुझा,
ग्यानबा

ता. क. भांडण मिटलं खरं, पण उलटं झालं. मी शब्द दिला, शुक्रवारी लुगडंबांगड्या घेऊन न्यायला येतो. त्यांनीही दिला, शुक्रवारीच पाळण्यासकट सोडायला येतो. आता त्यांना थांबवावं तर त्यांचा मान जातो, मी थांबावं तर माझा शब्द. दोघंही निघणार आणि वाटेत चुकणार. रस्ता तुझ्या दारावरूनच जातो. तेव्हा शुक्रवारी सकाळपासून ओट्यावर बस, आणि वाशीमकडून ते, हिंगोलीकडून मी, दोघांना अडव. तुझ्या घरी दोघंही पाव्हणे. मग कोण कुणाच्या दारात आधी गेलं, हा सवालच राहत नाही. वरण थोडं जास्त टाक.

ता. क. दुसरं. आक्का, मी आशा. हे 'मुद्दाम उतरलो' लिहितात ते खोटं. घसरून पडले, व्याह्यांनीच दंडाला धरून वर काढलं. शुक्रवारी मीबी येऊन राहिले. दोघांना एका पंगतीला बसवू नका, पहिला घास कोणी घ्यायचा यातच दिवस मावळंल. लेकरू तेवढं माझ्या मांडीवर द्या, मग ते दोघं तुमच्या ओट्यावर दिवाळीपर्यंत 'आधी तुमी, आधी तुमी' करत बसले तरी माझं काही म्हणणं न्हाई.