मेदात दडलेलं

सोमवार, ४ मार्च

आलो एकदाचे! घर दुसऱ्या मजल्यावर, लख्ख उजेडाचं. ठमी रांगत रांगत सगळ्या खोल्या फिरून आली, जणू घर पसंत करायला तिलाच आणलं होतं. सात महिन्यांचं माणूस, पण तोरा केवढा! नवऱ्याला महिन्याभराने रुजू व्हायचंय, तोवर ती त्याच्याकडे. प्रयोगशाळा कोपऱ्यावरच, त्यामुळे दुपारी पाजायला येता येईल. बाळंतपणानंतरची पहिली नोकरी. आज मी फार खूश आहे.

गुरुवार, ७ मार्च

काम आवडलं. कत्तलखान्यातून रोज सकाळी जनावरांच्या अधिवृक्क ग्रंथी येतात. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात त्या. जीव घाबरला की शरीराला तयार ठेवणारी संप्रेरकं त्या रक्तात सोडतात. काम झालं की ती थोड्या वेळात निघून जातात. आम्ही शोधतो ती मात्र मेदाम्लाशी, म्हणजे चरबीतल्या आम्लाशी, जोडली गेलेली. ती पाण्यात विरघळत नाहीत. रक्तातल्या चरबीच्या कणांवर बसून फिरतात आणि अंगातल्या चरबीत मुक्काम ठोकतात. आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, म्हणाल्या की ती झोपलेली असतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

इथे हातमोजे घालत नाहीत. मोज्यांचं प्लास्टिक अर्कात उतरतं आणि यंत्राच्या आलेखावर नसती शिखरं उमटतात म्हणे. म्हणून द्रावकाने हात धुवायचे आणि उघड्या हातांनीच ग्रंथी सोलायच्या. द्रावकाने भेगा पडतात, चरबीने त्या मऊ होतात. फुकटचं मलम मिळतंय म्हणून बाई हसल्या. मीही हसले.

मंगळवार, १९ मार्च

आज फाटकाची कडी वाजली आणि मी भिंतीला चिकटले. नवऱ्याने यथेच्छ चेष्टा केली. पण धुतलेल्या फरशीचा वास आला तरी मी जागच्या जागी थबकते. पुढे ढकलतंय कुणीतरी, मागे फिरायला जागा नाही, असं वाटत राहतं. झोप नीट नाही, त्याचंच असेल.

ठमीही हल्ली हसत नाही. दूध पिऊन झालं की दाराकडे बघत बसते. कुणाचं पाऊल वाजलं की एकदम गप्प. रडत नाही. त्याचीच मला काळजी वाटते.

गुरुवार, २८ मार्च

यंत्राच्या तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. मी माझं दिलं. आलेखात मेदाम्लाशी जोडलेल्या संप्रेरकाचं शिखर ग्रंथीच्या अर्काइतकंच उंच निघालं. चुकून अर्कच घातला असेल म्हणून पुन्हा केलं. तेच.

मग कुणाला न सांगता दूध तपासलं.

दुधातही आहे. माझ्या भेगाळल्या हातांनी सोललेलं, माझ्या दुधातून, तिच्या अंगात. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या की कापलेल्या जनावराची भीती काही ग्रंथीत नसते, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. स्वतः मात्र टेबलापासून दोन पावलं मागे सरकल्या.

मंगळवार, २ एप्रिल

नोकरी सोडली. अंगावरचं पाजणं बंद. ठमी बाटली घेत नाही, रोडावली आहे. मी जेवण सोडलंय. ते चरबीत आहे ना, मग चरबीच जाळायची. अंग स्वच्छ झालं की तिला पुन्हा जवळ घेईन. नवरा ताट घेऊन मागे मागे फिरतो. आज त्याच्या हातातली सुरी बघून मी किंचाळले. तो बिचारा फळ कापत होता.

शुक्रवार, ५ एप्रिल

बाईंचा फोन नवऱ्याने घेतला. उपास ताबडतोब सोड म्हणाल्या. चरबी वितळली की बांधलेलं सगळं सुटतं. एकदम. जागं होतं.

म्हणजे मीच —

आणि ठमी रोडावली आहे. तिच्याही अंगात सुटतंय. इवलंसं अंग ते.

स्वयंपाकघरात जायला हवं. फरशी ओली आहे. पाय उचलत नाहीत.

शनिवार, ६ एप्रिल

नवरा डॉक्टरला आणायला गेलाय. दार लावू नकोस म्हणाला.

कपाटामागे बसलोय. ठमी मांडीवर. तिचं काळीज किती धडधडतंय, माझ्या हाताला लागतंय —

जिन्यावर पावलं. दोन माणसं. नवराच आहे, मला माहीत आहे. आवाज त्याचाच. हाक मारतोय. माहीत आहे तरी —

एकेकाला ओढून नेतात. आवाज केला की आधी —

ठमी रडायला लागली. आत्ताच का गं! तोंडावर हात ठेवलाय. थोडाच वेळ, बाळा. ते आत आले. खोल्या बघताहेत. थोडाच —

गप्प झाली. शहाणी माझी. धडधडही थांबली, आता भीती नाही वाटत ना तुला, आता —