हानाई

वेस्ट विंडसर,
फेब्रुवारी २००६

चि. प्रणिता,

तुझा खोकला गेला का? ऋषीरावांचा गुडघा कसा आहे? बाळ दूध ओकायचं थांबलं का? आणि रेणूमावशीची कंबर? तुझ्या बाळंतपणाला होनोलुलूला आली आहे खरी, पण तिला फार वाकू देऊ नकोस.

रविवारी फोनवर तू शेजारणीचं सांगितलंस. तिने बहिणीचा मुलगा वाढवला, त्याला तिकडे ‘हानाई’ म्हणतात. मी विचारलं, म्हणजे काय गं? तू म्हणालीस, “भरवणं, वाढवणं, आणि असं वाढवलेलं मूलसुद्धा. आई, आपल्यात असतं का गं असं?” मी “भाजी करपतेय” म्हणून फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

तेव्हापासून मनात पाल चुकचुकतेय. हा प्रश्न तुझा, की रेणूने तुझ्या तोंडी घातलेला? मी बॅग भरून बसले होते, तरी “या बाळंतपणाला मीच जाणार” असा हट्ट तिने का धरला? शपथ घातली होती मी तिला.

लिहूनच टाकते. तू रेणूच्या पोटची. तिचं लग्न व्हायचं होतं, म्हणून बाविसाव्या दिवशी तिने तुला माझ्या ओटीत घातलं. वाटी-चमच्याने दूध मी पाजलं, पहिला मऊ भात मी भरवला. हे तुला कळलं असेल, तर खुशाल रागाव माझ्यावर. पण तिच्यादेखत मला मावशी म्हणू नकोस.

हे पत्र पेटीत टाकायचा धीर व्हायचा नाही. आधीची दोन फाडलीच. तरी तू आपणहून दोन ओळी लिही, लवकर लिही. मायना मात्र नेहमीचाच असू दे.

तुझी
आई