यांच्या दुर्बिणीची साफसफाई

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आधी आले ते बँकवाले भावजी. जिन्यात दोनदा थांबले, आणि वर आल्यावर थांबलोच नाही असा चेहरा. मागून चष्म्याच्या दुकानवाली. यांच्या तारे बघणाऱ्या मंडळातली सगळ्यात लहान, म्हणजे पंचेचाळिशीची. वजन केवढं वाढवलंय! पण हसते छान. हे गेल्यापासून घरात एवढं बोलणं आजच झालं. बिस्किटं द्यायची मी विसरले ते बरंच झालं, त्या निमित्ताने पुन्हा बसले.

काम असं. यांनी गच्चीवरून दुर्बिणीला कॅमेरा लावून शेवटचं चित्र काढायला घेतलेलं, आकाशातल्या एका तांबड्या ढगाचं. ते पुरं करून वाचनालयाच्या हॉलमध्ये लावायचं, खाली यांचं नाव. कॉम्प्युटरवर बघते तर चित्रभर डाग! ओला पेला टेबलावर ठेवला की उठतात तसे गोल. दुकानवाली म्हणाली, काकू, ही कॅमेऱ्यापुढच्या काचेवरची धूळ. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून सकाळच्या उजेडात फोटो काढायचा, त्यात नुसती धूळ उमटते. मग कॉम्प्युटर ती चित्रातून वजा करतो. आज अंधार पडला, रविवारी सकाळी येतो.

भावजी दारातून परत फिरले. वहिनी, तोवर कशाला हात लावू नका हं, धूळ आहे तशीच्या तशी हवी.

मी म्हटलं, मी कशाला लावतेय.

बुधवार, ४

हात लावायचा नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

गुरुवार, ५

पण माणसं येणार म्हटल्यावर गच्ची तरी झाडायला नको? झाडली. दुर्बीण पुसली, फक्त वरून. लग्न झाल्यापासून ऐकतेय, तिला हात लावू नकोस. सवत परवडली असती, ती निदान माहेरी तरी गेली असती.

शुक्रवार, ६

विचार केला. डाग कशाने? धुळीने. धूळ गेली की डाग गेले. एवढी शिकलेली दोघं, आणि साधी गोष्ट सुचू नये! यांनी मला एकदा पुसू दिलं असतं तर कुठल्या कुठे पोचले असते.

कॅमेरा फिरवून काढला. काच यांच्या जुन्या बनियनने पुसली, फुंकर मारली, परत पुसली. लख्ख. कॅमेरा होता तसा बसवला. कुणाला सांगणार नाही, आपोआप कळू दे. केवढे खूश होतील!

फक्त नातीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आजी, फोटो आधीच काढलेत गं, आता पुसून त्यातले डाग कसे जातील? हॉस्टेलात राहून पोरगी फार संशयी झालीय.

रविवार, ८, दुपार

वेळेवर आले. कापडाचं एक टोक मला धरायला दिलं. मी हसले की कापड हले, मग सगळेच हसायचो. भावजी म्हणाले, वहिनी, तुम्हाला आधीच मंडळात घ्यायला हवं होतं.

मग कॉम्प्युटर. कापडाचा फोटो कोरा, एक ठिपका नाही. मी शाबासकीची वाट बघतेय, आणि ही दोघं एकमेकांकडे बघतायत. यांच्या चित्रातला एकही डाग गेला नाही. वजा करायला काही उरलंच नाही, दुकानवाली म्हणाली.

भावजींनी विचारलं, वर कुणी आलं होतं का? मी म्हटलं, कोण येणार? वारा असेल. वर फार वारा असतो.

ती म्हणाली, हाताने मिटवता येतील. भावजी म्हणाले, म्हणजे तिथले तारे आपण मनाने भरायचे. त्याला चाललं असतं?

मग तिने चित्राचा कोपरा मोठा करून दाखवला. बारीक तंतू, वेटोळं घालून बसलेला. लोकरीचा आहे काकू, काकांच्या मफलरचाच असणार.

पुसताना मला दिसलाही नव्हता.

मंगळवार, १०

दोघं संध्याकाळी आली. चित्र हॉलमध्ये लागणार नाही, डागाचं घेत नाहीत. मी म्हटलं, बरंच झालं, तिथे लोक बोटं लावतात. माझ्यासाठी कागदावर छापून आणलंय. मी म्हटलं, अजून एकदा कापड ताणून बघू, मी धरते, हसणार नाही. भावजी म्हणाले, आता नको वहिनी. मग खाली बघत म्हणाले, दुर्बीण इथे नुसती पडून राहील, तुमची हरकत नसेल तर मंडळ नेईल. मी म्हटलं, न्या की, मला कुठे वापरायचीय, गच्ची मोकळी होईल.

चहाला थांबले नाहीत. घाईत होते.

ते गेल्यावर छापलेल्या चित्रावर बोट फिरवून बघितलं. नाही जात.

गुरुवारी येतो म्हणालेत, दुर्बीण उतरवायला.